शेंगाची चटणी आणि झोपतानाचं दूध

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा दुसरीत असलेला तुझा नातू आता आरशासमोर उभा राहून मिशी फुटली का ते बघत असतो. उंचीनं माझ्या वर गेलाय. पोटाची कटकट मात्र अजून आहेच. जन्मला तेव्हा त्याची अन्ननळी पोटापर्यंत पोचलीच नव्हती, मधेच संपली होती. ऑपरेशन करून ती जोडत होते तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तूच माझा हात धरून बसली होतीस. नळी जोडली गेली, पण पोटातलं आंबट वर येणं काही थांबलं नाही. सकाळी अनशापोटी गोळी, बारीक घास, घासागणिक पाणी, रात्रीचं जेवण सातच्या आत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, हे सगळं मी नेमानं केलं. गोकुळ रोडच्या कारखान्यात मी माल तपासते, मापात न बसलेला भाग बाजूला टाकते. घरीही माझं तेच चाललेलं असायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

तू दर रविवारी धारवाडहून बसनं आमच्या उणकलच्या घरी यायचीस. डब्यात ज्वारीची भाकरी आणि घरी कुटलेली शेंगाची चटणी ठरलेली. तो एक रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आदल्या रात्री हा खोकून खोकून बेजार झालेला, मीही जागी, डोकं तापलेलं. तू स्वयंपाकघरात खाली बसली आहेस. भाकरी वरणात कुस्करून लोण्यासारखी मऊ केली आहेस, शेजारी दह्यात कालवलेली चटणी आहे, आणि तो चिमणीसारखा तोंड उघडून बसलाय. मी तुझ्या हातातून ताटली ओढून घेते.

"चिमूटभर आहे की ग," तू म्हणतेस. "तेही दह्यात कालवलंय. काय होतंय त्यानं?"

"मागच्या रविवारी तू येऊन गेलीस त्या रात्रीही हा असाच खोकला. तुला कळत नाही आई त्यातलं. माझ्या पोराला तू काही देऊ नकोस."

हात धुतलेस आणि बाहेर जाऊन बसलीस. पुढच्या रविवारी आलीस ती रिकाम्या हातानं. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं डोक्यात शिरलं. आणि त्या रात्री, रोजच्यासारखंच, त्याला झोपवण्याआधी पेलाभर गार दूध दिलं. पित्तावर गार दूध, हे आपल्याकडं कुणी कुणाला शिकवावं लागत नाही.

परवा नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो होतो. इतकी वर्षं डॉक्टर मला विचारायचे आणि मी धडाधडा सांगायचे. या म्हणाल्या, आता तो मोठा झालाय, त्याचं त्याला सांगू दे. त्यानं कानडीत सकाळपासूनचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आमेले मलगोवाग हालु." झोपताना दूध. त्यांनी लिहायचं थांबवलं. मी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं ग, पण दूध म्हणजे काही खाणं आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, सगळं यानंच होतं असं नाही, मुळात नळीच कमजोर आहे. पण भरल्या पोटानं आडवं झालं की वर येणारच, रात्रीच्या खोकल्याला ते पुरेसं आहे. तिखटाचं विचारलं तर म्हणाल्या, त्रास होत नसेल तर थोडं खाऊ दे की. मग त्यांनी सहज विचारलं, "दूध द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या आईनं," मी म्हणाले.

आई, हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. पटकन निघालं, विचार न करता. त्यांनी हसून मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं अशी.

परतताना रिक्षात तो बाहेर बघत होता. उणकलचं तळं आलं तेव्हा म्हणाला, "आज्जीनं सांगितलं होतं दूध?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "पण ती तर मला काहीच द्यायची नाही. रविवारी तू बाजारात गेलीस की मी मागायचो, रडायचो. ती म्हणायची, आईला विचार बाळा, तिला कळतं त्यातलं."

माझेच शब्द तू त्याच्यापुढं माझ्या बाजूनं वापरलेस. मी तिथंच रिक्षात तोंड उघडायला हवं होतं. मी सुट्टे पैसे शोधत बसले.

दूध बंद केलंय. खोकला लगेच जाणार नाही, पण कालची रात्र तो सलग झोपला आणि मी जागी राहिले. आज सकाळी शेंगा भाजल्या, लसूण, जिरं, तुझ्यापेक्षा थोडं कमी तिखट घालून खलबत्त्यात कुटल्या. दह्यात कालवून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं भाकरीचा बारीक तुकडा लावून खाल्ला, वर पाणी प्यायला, पुन्हा घेतलं. मला राहवलं नाही. विचारलं, "आज्जीसारखी झालीय का रे?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी कुठं खाल्लीय आज्जीची?"

अगदी सहज म्हणाला, रागानं नाही. मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं की दूध तुझं नव्हतं, माझं होतं. हे एवढं सगळं तुला लिहितेय, जिला ते आधीच ठाऊक आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.