डाव्या हातातला तुकडा

मानवत. श्रावण, रविवार, दिवेलागणीची वेळ.

हात राखेनं घासून घासून धुतला, तरी वास जाईना.

आमचा मोत्या बूट दिसले की अंगावर जातो. परवा एका जवानाची पाटलोण फाडली. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी आमच्या दुकानासमोर उभं राहून बजावलं, "पुन्हा धावला तर गोळी घालीन." मोत्याला वळण लावायला गंगाखेडहून एक माणूस आणला, तर त्यानं वेतानं बडवलं. कुत्रं आणखीच बिथरलं. म्हणून आज मोत्याला घेऊन करीमभाईंकडं गेलो. जहागीरदाराची शिकारी कुत्री त्यांनीच तयार केलेली.

त्यांनी वेत न्हाई, पिशवीतून कलेजीचा तुकडा काढला. मी मागंच सरलो. "तुमीच द्या ना. आमच्यात चालत न्हाई."

"अप्पा, तुमच्या हातचं खाईल तरच तुमचं ऐकंल. उजव्या हातात दोरी धरा, डाव्यात तुकडा."

डाव्यात! रोज पहाटे ज्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजा करतो, त्याच हातात?

तेवढ्यात रस्त्यावर बुटांचा आवाज. जवान. मोत्यानं दोरी ताणली. मी डोळे मिटले अन् डावा हात पुढं केला. मोत्यानं तुकडा खाल्ला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला. जवान निघून गेला, तरी मोत्या भुंकला न्हाई.

"आता महिनाभर रोज असंच," करीमभाई म्हणाले.

घरात कुणाला सांगितलं न्हाई. उद्या श्रावणी सोमवार. लिंग कोणत्या हातावर घ्यायचं? मोत्या पायाशी बसलाय, तोच हात चाटायलाय. ओढून घ्यावा वाटतं, पण घेववत न्हाई.