आकडा चढेचना

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, बुद्धिबळ क्लबच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून हे कागदावर. भाचीने बजावलंय, मामा, आईचा पारा चढलेला आहे, लांबूनच लिही. तेवढी अक्कल तिला आहे, मला नाही.

रविवारी संघनिवडीची शेवटची फेरी होती. हॉल बॅडमिंटनवाल्यांना द्यायची वेळ झाली आणि तुझा नि चष्म्याच्या दुकानवाल्यांचा डाव तेवढा उरला. अर्धवट डावाचा निकाल पंचाने द्यायचा, ही आपल्या क्लबची जुनी पद्धत. जुने सर पंच होते तेव्हा दोघांना समोर बसवून विचारायचे, पुढे कसं खेळणार ते दाखवा. मी पंच झाल्यापासून लॅपटॉप उघडतो. सॉफ्टवेअर म्हणालं पांढरा, म्हणजे दुकानवाले, पाचाने पुढे, आणि मी डाव दुकानवाल्यांना देऊन टाकला. डाव बरोबरीत धरून नुसता अर्धा गुण मिळाला असता तरी संघातली शेवटची जागा तुझी होती. मुलं मोठी करून, ड्यूटी सांभाळून तू इतक्या वर्षांनी पटाकडे वळलीस ती त्या जागेसाठी. हे मला माहीत नव्हतं, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

तू आवाजही चढवला नाहीस. म्हणालीस, "जिंकतो ना तो? मग चाली करून दाखव." मी लॅपटॉप तुझ्याकडे वळवला. सख्ख्या बहिणीला आकडा दाखवला, ताई. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सोमवारी घरी तोच डाव मांडला. सॉफ्टवेअरला मी नावं ठेवत नाही. पटावर मारामारी चालू असली की त्याच्याइतकं भरवशाचं कोणी नाही. आपल्याला स्वप्नातही सुचणार नाही अशी चाल ते चुटकीसरशी काढतं. पण तुझ्या डावातली मारामारी कधीच संपली होती. प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फट म्हणून नाही. पांढऱ्याचा एक हत्ती जास्त, म्हणून ते बापडं हत्तीची पाचाची किंमत धरून बसलं होतं. अरे, पण हत्ती आत शिरणार कुठून? पांढऱ्याच्या चाली मी त्यालाच विचारून केल्या. तुझा राजा आपला दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला. पाचाचे पाचच. जिंकणाऱ्याचा आकडा चढत जायला हवा, हा चढेचना. चहा गार झाला, बायको डोकावून गेली, हत्ती बाहेरच.

इथवर वाचून तू म्हणशील, चला, गधड्याला उशिरा का होईना चूक कळली. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

मला रविवारीच कळलं होतं. पट बघताक्षणी. कांजिण्यांनी मी घरी पडलो होतो तेव्हा तू मला हा खेळ शिकवलास. मी तुझी मोहरी मारत सुटायचो आणि तू प्याद्यांची दारं लावून आत बसायचीस. ये आता, म्हणायचीस. मला काही शिरता यायचं नाही, मग भोकाड पसरून पट उधळून द्यायचो. रड्या हे नाव तेव्हा पडलं. रविवारी तुझी तीच दारं होती आणि मी ती ओळखली होती. पण पाठीमागे क्लबचे सेक्रेटरी उभे, आणि कोणीतरी आधीच टोमणा मारला होता की आज काय, पंच घरचाच आहे. माझं अवसान गळालं. बहिणीची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको, म्हणून मशीनच्या आड लपलो. रडीचा डाव तो रडीचाच, फक्त या वेळी पट न उधळता खेळलो.

काल सेक्रेटरींना हे सगळं सांगितलं, टोमण्यासकट. निकाल फिरवायचा तर डाव सगळ्यांसमोर पुढे खेळून दाखवा, म्हणाले. शनिवारी संध्याकाळी ठरलंय. पांढरी मोहरी मी घेणार, लॅपटॉप माझ्या बाजूला, आणि दुकानवाले त्यांना हवं ते मला सुचवायला मोकळे. पंचाचं काम त्या दिवसापासून सोडतोय. माफीही तिथेच मागेन, सगळ्यांदेखत. पत्रातून मागितली तर तेही लपणंच झालं. तू फक्त ये, काळी मोहरी घेऊन समोर बस आणि दारं लावून घे. पट उधळणार नाही, ताई.

तुझाच,
रड्या