खालच्या मजल्यावरचे पाहुणे

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राच्या तोंडाशी 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. पण विनंती शेवटी येणार आहे आणि विशेष काही नाही, तेव्हा थेट बातम्यांवर येतो.

तब्येत बरी, गुडघा वगळता. गुडघ्याचा रोज विग्रह होतो, समास काही होत नाही. शाळेत यंदा संस्कृत घेणारी मुलं अकरा. नऊ मार्कांसाठी, एक वडिलांच्या धाकाने, आणि एक मुलगी चुकून. त्या चुकून आलेलीलाच काय ते कळतं.

खाली गादीवाले काका अजून दुपारभर कापूस पिंजतात. जिन्यावर तो असा साचतो की शाळेतून येताना मी ढगांतून वर चढतोय असं वाटतं. अडतीस वर्षं तोच कापूस काकूंच्या छातीत गेला. डॉक्टर म्हणाले, पिंजणं बंद करा. काका म्हणाले, "मग खाऊ काय, गाद्या?" शेवटी पिंजायचं यंत्र मागच्या शेडमध्ये नेलं, पण आता काय उपयोग. दवाखान्याने दिलेलं ऑक्सिजनचं मशीन काकूंच्या उशाशी गुरगुरत असतं. काकूंचं त्याच्याशी चांगलं जमलंय. "तुझ्या काकांपेक्षा बरं, पंडित. रात्रभर जागं असतं आणि घोरतं तेही कामापुरतं."

पन्नाशी उलटली तरी मी त्यांना पंडितच. तूही मागच्या पत्रात तेच लिहिलंस, म्हणून मीही सही तीच करतो.

आता कामाचं. महिनाअखेर भाडेनोंदणीची मुदत संपते. घर तुझ्या नावावर, त्यामुळे दरवर्षी तू अधिकारपत्र पाठवतेस आणि मी काकांना घेऊन कचेरीत जातो. काका वर्षातून तेवढ्या एका दिवशी इस्त्रीचा सदरा घालतात. कारकून आम्हाला शेजारी शेजारी उभं करतो. "हे तुमच्याकडे राहतात?" मी हो म्हणतो. "तुम्ही यांच्याकडे राहता?" काका हो म्हणतात. लग्न लावतानाही माणसं इतकी खातरजमा करत नाहीत. मग शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्याच्या चिठ्ठीवर दवाखाना मशीन आणखी वर्षभर ठेवू देतो.

यंदा अधिकारपत्र आलं नाही. परदेशातल्या मालकांना आता तिकडूनच संगणकावर नोंद करता येते, असं तू लिहिलंस. "मीच करते, तू गुडघा घेऊन हेलपाटे घालू नकोस." माझ्या गुडघ्याचं इतकं कोणी मनावर घेतलं नव्हतं. काकांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ताई करतेय. काकू आतून म्हणाल्या, "ती करतेय ना, मग झालं समज. वेणी घालताना मान हलवायची नाही पोरगी." या हेतूवरून हे अनुमान निघत नाही, पण काकूंनी तर्कशास्त्र वाचलेलं नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात चकचकीत बुटांचे एक गृहस्थ टेप घेऊन घर मोजत होते. तुझं नाव सांगितलं, म्हणून चहा दिला. निघताना खालच्या दाराकडे बघून विचारलं, "यांची यंदा नोंद नाही ना केलीत? एक वर्ष चुकलं की भाडेकरूचा हक्क संपतो. घर आपोआप मोकळं." मी म्हटलं, तुमचा पत्ता चुकतोय. माझ्या ताईला घर विकायचं असतं तर तिने आधी मला सांगितलं असतं. ते हसले. दात छान आहेत त्यांचे.

तर विनंती ही, की नोंद झाली की दोन ओळी टाक. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
पंडित


९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. अक्षर डावीकडे झुकलंय. शाळा बुडवल्यावर आईच्या नावाने चिठ्ठी लिहायचीस तेव्हाही ते असंच झुकायचं.

"गडबडीत राहून गेलं" हे वाचलं. भाऊजींचा धंदा बसलाय, घेणेकरी दारात आहेत, आणि घेणारा रिकाम्या घराचेच पैसे देतो म्हणतो, हेही वाचलं. तुझी अडचण खोटी नाही. पण पुढे तू लिहितेस, "तसेही ते आता थकले, मुलाकडे जातील." ताई, काकांना मूल नाही. आपण दोघं होतो.

गुरुवारी दुपारी दवाखान्याची दोन माणसं मशीन न्यायला आली. स्वभावाने वाईट नव्हती. एक जण म्हणाला, "काकू, नोंद नाही म्हणजे कागदोपत्री या खोलीत कोणी राहत नाही. रिकाम्या घरात मशीन ठेवता येत नाही आम्हाला." काकूंनी नाकातली नळी आपल्या हातांनी काढली, फडक्याने पुसली, नीट गुंडाळली. मग धाप आवरत म्हणाल्या, "बसा रे. चहा घेऊन जा. रिकाम्या घरातला."

त्यांनी घेतला. मान खाली घालून प्यायले.

न्यायशास्त्रात अभाव हासुद्धा एक पदार्थ मानतात. जमिनीवर घडा नाही, हे जमिनीकडे बघून कळतं. वीस वर्षं मी हे उदाहरण देत आलो. पण घडा समोर खुर्चीत बसून धापा टाकतोय आणि तरी नाही, असा अभाव आमच्या आचार्यांनाही सुचला नव्हता.

चौकशी झालीच तर "पाहुणे म्हण" असं तू सुचवतेस. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो. हे पाहुणे दर एक तारखेला सकाळी आठला भाडं आणून देतात, आणि मला उठायला उशीर झाला तर रागावतात.

अजून महिनाभर दंड भरून नोंद करता येते. मी विचारून आलो. दंड माझा. तू अधिकारपत्र तेवढं पाठव, किंवा तिकडून त्या संगणकाला हात लाव.

काका आता काही विचारत नाहीत. जिन्यात समोर आलो की भिंतीला टेकून मला वाट देतात. पूर्वी मलाच बाजूला ढकलून जायचे.

वाट पाहतोय,
पंडित


२ मे

प्रिय ताई,

नमस्कार. पंप दुरुस्त झाला. गच्चीची गळती तात्पुरती थांबली आहे. चुकून आलेली ती मुलगी वर्गात पहिली आली. तिच्या वडिलांनी येऊन माझे आभार मानले आणि पुढच्या वर्षी तिला दुसरा विषय द्यायचं ठरवलं.

तुझं अधिकारपत्र आलं नाही, समुद्राचं चित्र असलेलं कार्ड आलं. समुद्र सुंदर आहे. मागे लिहिलंयस, "काकूंना माझा नमस्कार सांग." तो नमस्कार माझ्याकडे पडून आहे. काकू मार्चच्या अखेरीस गेल्या, कार्ड नंतर पोचलं. काका मशीन परत मागायला दवाखान्याच्या रांगेत उभे होते. मी वर्गात धातूंची रूपं घेत होतो. खोलीत कोणी नाही, हे दवाखान्याचं म्हणणं काका परत आले तेव्हा खरं झालं होतं. काकू दाराजवळच्या खुर्चीत होत्या, तोंड रस्त्याकडे.

फोन करता आला असता. केला नाही, कारण तू रडली असतीस, मी समजूत घातली असती, आणि एकदा समजूत घातली की माणसाला रागावता येत नाही.

पंपाला जवळजवळ नव्याइतका खर्च आला.

एप्रिलमध्ये कचेरीने काकांना आणि मला बोलावलं. काकांनी सदरा घातला. इस्त्री नव्हती. अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या, सर्दीने बेजार. त्यांनी आधी कायदा वाचून दाखवला. भाडं घेऊन नोंद न करणाऱ्या मालकाला दंड. मालक परदेशात असेल तर त्याच्या वतीने भाडं घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तो शिक्षक असेल तर नोकरी गेली. हे कलम मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. ते मान वाकडी करून ऐकत होते, कापसात सरकी राहिली का बघतात तसे.

"आजोबा, तुम्ही यांचे भाडेकरू ना?"

काका म्हणाले, "नाही मॅडम. पाहुणा."

"गेल्या वर्षापर्यंत तर नोंद आहे."

"तेव्हा होतो. मग परवडेना, सोडलं. बायको आजारी, जाणार कुठे? यांनी राहू दिलं. मोठ्या मनाची माणसं."

यांनी. चौदाव्या वर्षापासून मला 'अरे पंडित' म्हणणारा माणूस.

"भाडं देत नाही?"

"कसलं भाडं. अधूनमधून उशी शिवून देतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, हे म्हणतात ते बरोबर आहे?"

ताई, इथपर्यंत हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा पुढे गच्चीबद्दल लिहीत गेलो.

मी काही बोललो नाही. बाईंनी रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवला. तेवढा वेळ मला होता. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मौन म्हणजे संमती, हे मी मुलांकडून घोकून घेतो. बाईंकडूनही कोणीतरी घोकून घेतलं असणार. त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर पायरीवर काका दम खायला बसले. मी विचारलं, "काका, असं का सांगितलंत?"

"तुझ्या नोकरीची सात वर्षं राहिलीत ना?"

"म्हणून खोटं बोलायचं?"

"पंडित, तुझ्या तोंडून ऐकायच्या आधी माझ्या तोंडून गेलेलं बरं."

म्हणजे ते धरूनच चालले होते की मी त्यांना पाहुणा म्हणणार. तेव्हापासून मी स्वतःला विचारतोय, म्हणालो असतो का. उत्तर सापडत नाही असं नाही.

पाहुण्याला नोटिशीची मुदत लागत नाही. काका चार दिवसांत खोली सोडून गेले. एक हातगाडी पुरली. आता ते एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात झोपतात, गठ्ठ्यांवर. तिथे कोणाची नोंद करत नाहीत, कारण तिथे माणसं राहत नाहीत असं समजतात. रविवारी गेलो तेव्हा ते खोळ मांडीवर घेऊन दाभणाने टाके घालत होते. खोकला त्यांनाही लागलाय. म्हणाले, "बघ, राजालाही एवढा कापूस मिळत नाही अंगाखाली." मी म्हटलं, परत चला, आपण कचेरीत जाऊन खरं सांगू. ते म्हणाले, "मी नाही सांगणार. तू आत जाशील." मी म्हटलं, जाईन. ते म्हणाले, "तिथे तुला गादी कोण देणार?" आणि दोरा दाताने तोडला.

नंतर तुझी चौकशी केली. मी कार्डाचं सांगितलं. "बरी आहे ना ती?" म्हणाले. एवढंच.

परवा मी एकटा कचेरीत जाऊन जबाब बदलून आलो. काका भाडेकरू होते, फेब्रुवारीपर्यंतच नव्हे, मार्चमध्येही आणि एप्रिलमध्येही. भाडं मी घेत होतो. त्यांचं खोटं मी चालू दिलं. बाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "सर, विचार केलाय ना?" मी म्हटलं, उशिरा केलाय, पण केलाय.

मग त्यांनी सांगितलं ते तुझ्या कामाचं आहे. आजोबांनी स्वतःच पाहुणा म्हटलंय, त्यामुळे माझ्या एकट्याच्या शब्दावर त्यांना खोली परत मिळत नाही. मालकिणीने समक्ष येऊन सांगावं लागेल की हे माझे भाडेकरू होते आणि नोंद मी केली नाही. सुनावणी चोवीस जूनला आहे. तोवर घर विकता येणार नाही. चकचकीत बुटांना मी तसं कळवलं. या वेळी ते हसले नाहीत.

बाईंनी हेही विचारलं की लेखी काही आहे का. मी म्हटलं, आहे. बहिणीची दोन पत्रं आहेत, सुनावणीला आणतो. तू आलीस तर ती माझ्या खिशात राहतील. जे सांगायचं ते तुझ्या तोंडून येईल आणि काका आपल्या खोलीत येतील. नाही आलीस तर मी ती टेबलावर ठेवीन. त्याने काकांना खोली मिळेल की नाही, हे बाईंनाही सांगता आलं नाही. तुला मात्र त्रास होईल, एवढं नक्की.

तुझ्या जागी मी काय केलं असतं हे विचारू नकोस. माझ्या जागी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

येताना कार्ड पाठवू नकोस, तारीख पाठव. गाडी घेऊन येईन. तुला हवं असेल तर घरी जायच्या आधी गोदामावरून जाऊ. वाट खराब आहे, चांगले बूट घालू नकोस.

समन्स दोघांच्या नावाने निघालंय. त्यात पहिलं नाव तुझं आहे. मोठेपणाचा मान कचेरीनेही राखला.

तुझा धाकटा भाऊ,
आरोपी क्रमांक दोन