बारा फुटांतला चौक

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना अर्पिताचा सा. न.

फोनवर आपण दोघंही हं हं करून ठेवून देतो, म्हणून लिहायला बसले. धाकट्या मितेशने कळवलं, की उलव्याच्या नव्या घराचा मधला चौक बुजवून वर भाड्याच्या खोल्या काढायच्या, आणि तुम्ही होसुद्धा म्हणालात! बाबा, प्लॉट बारा फूट रुंद, पन्नास फूट लांब, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. चौक गेला तर आत उजेड यायचा कुठून?

आईने मला एकच अट घातली होती, भरदिवसा बत्ती न लावता तांदूळ निवडता आले पाहिजेत. त्यावरच मी अख्खा नकाशा काढला. आई जाऊन दोन महिने झाले, तर अट सुटली का? मला तुमचा राग आलाय. १६ तारखेला स्लॅब आहे, त्याआधी चौकावर ठोकलेल्या फळ्या काढायला सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या. रागावले तरी माया पातळ करू नका.

तुमची,
अर्पिता


जासई, ८ नोव्हेंबर

चि. अर्पिताला अनेक आशीर्वाद.

तुझा राग खरा हाय. पन मला कशाचंच काय वाटत नाय गं. मितेश म्हनाला विमानतळ आलाय, भाडेकरू मिळतील, मी हो म्हनालो. ठेकेदाराने पांढरी लादी दाखवली, हो म्हनालो. काळी दाखवली असती तरी हो म्हनालो असतो.

शेजारची रंजिता डबा देते. तिखट का आळनी, कळत नाय. ती म्हनते एकदा रडून मोकळे व्हा. अगं, रडू यायला तर पायजे! आनि ज्या घरात तुझी आई येनारच नाय, तिथं उजेड कुनाला हवाय? फळ्या ठोकून झाल्यात. राहू दे आता.

जिवाला जप, बापावर लोभ ठेव.

बाबा


जासई, १७ नोव्हेंबर

चि. अर्पिताला आशीर्वाद.

काल स्लॅब टाकला. आपल्यात पहिलं घमेलं घरच्या बाईने टाकायचं, तुला ठाऊक हाय. मिस्तरीने कुंकू लावून घमेलं पुढं केलं, आनि मी सवयीनं जिन्यात वाकून तुझ्या आईला हाक मारली. चांगली मोठ्यानं. किती वेळ लावतेस, मानसं खोळंबलीत, असंपन म्हनालो.

कुनीतरी मिक्सर बंद केला. मितेश खाली बघत राहिला.

मला लाजसुद्धा वाटली नाय. घमेलं खाली ठेवलं आनि चौकावरच्या फळ्या काढा म्हनालो. ठेकेदार तनतनला. सळया कापन्यात दोन तास गेले. पहिली फळी मितेशनंच ओढली. घमेलंपन मग त्यानंच टाकलं.

आज टेकूंच्या मधनं चालत गेलो. मागच्या स्वयंपाकघरात पार कोपऱ्यापर्यंत ऊन होतं. तिथं बराच वेळ उभा राहिलो. मला वाटलं, आता रडू येईल. नाय आलं.

अर्पिता, कामाचं कारन सांगू नको, चार दिवस ये. तुझं तोंड थेट तिच्यासारखं हाय. ते बघून मला रडू येईल.

तुझा,
बाबा