लाल नळाचं गार पाणी

मंगळवार, ऑगस्ट. अल ऐन.

आज लेकावर फार संतापले मी. इथं आखातात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळतं. बाथरूममधल्या बंद गीझरात साठून ते एसीनं गार होतं, म्हणून त्यातलंच नातीला अंघोळीला घेते. लाल नळ म्हणजे गार, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी यानं न सांगता गीझर लावला!

म्हणे, "आई, बंद राहून खराब होतो. मेंटेनन्सवाला बोलला."

अरे, मग मला सांगायचंस ना! लाल नळाखाली आधी कोपर धरलं म्हणून माझंच पोळलं. पोरीला धरलं असतं तर?

बटणावर चिकटपट्टी लावलीय. खलास.

नात मात्र कोपरावरची हळद बघून दोन दात दाखवत खिदळली. गोड गं माझी! लेकाला जेवायला वाढलं, पण पाणी त्याचं त्यालाच घ्यायला लावलं.