रिकामा काटा

५ नोव्हेंबर
गंगाखेडला आले एकदाची! बोरीहून निघाले ती एका बॅगेत सगळा संसार घेऊन. शिवम्मा मावशींनी खोली दिली, वर गरम भाकरी आणि ठेचाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरची नोकरी. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की वजन केबिनमधल्या स्क्रीनवर उमटतं. इथले जुने कारकून तात्याराव. माणूस लय मायाळू; काटा कसा चालतो ते दाखवायला स्वतःच त्यावर उभे राहिले, सत्तर किलो.

७ नोव्हेंबर
लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरवरचं लिनक्स सुरू होतं, पण काट्याशी बोलणारं कर्नलचं मॉड्यूल, म्हणजे वजन स्क्रीनवर आणणारा छोटा प्रोग्रॅम, आपोआप लोड होत नाही. तात्याराव दर वेळी हातानं कमांड देतात. त्याआधी बाहेर जाऊन काट्याखालच्या खड्ड्यात वाकून काहीतरी पुटपुटतात. तोवर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. म्हणून आज मी मॉड्यूलचं नाव त्या फाइलीत लिहिलं, जी मशीन सुरू होताना आपोआप वाचतं. बंद करून चालू केलं, मॉड्यूल हजर! तात्याराव खूश होतील वाटलं होतं. ते चहा तसाच ठेवून उठून गेले.

१० नोव्हेंबर
दुपारी लाइट जाऊन आली. काटा रिकामा आणि स्क्रीनवर साठ किलो. शून्यावर आणलं, पुन्हा साठ.
तात्यारावांना विचारलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, गेल्या हंगामात काट्याचा मिस्तरी सिद्धोधन लाइट नसताना खड्ड्यात उतरला होता. लाइट अचानक आली. शॉक लागून तिथंच गेला.
"कमांड द्यायच्या आदी मी त्याला हाक मारत होतो, पोरी. वर ये म्हनत होतो. मग काटा शून्यावर यायचा. आता मी हाक मारायच्या आदीच मशीन आपोआप चालू होतंय. तो खालीच ऱ्हातोय."

१२ नोव्हेंबर
फाइलीतून नाव काढलं. मॉड्यूल लोडच होऊ नये म्हणून त्यावर बंदी घातली. पुन्हा सुरू केलं.
लोड झालंच. फाइल कोरी आहे, पुन्हा पुन्हा उघडून पाहिली.
साठ.
ट्रॅक्टरवाले काट्यावर चढायला तयार नाहीत. खालून कुणीतरी ठोकतंय म्हणतात.

१३ नोव्हेंबर
सकाळपासून लाइट नाही. तात्याराव खड्ड्यात उतरले. मी अडवलं, ऐकलं नाही. त्याला घेऊनच येतो म्हणाले. मेन स्विच पाडलाय. केबिनमध्ये कॉम्प्युटरची वायर काढून हातात धरून बसलेय —

खाली ते बोलायलेत. हळूहळू, समजूत घातल्यासारखं —

स्क्रीन उजळली. वायर माझ्या हातातच आहे. मॉड्यूल लोड झालं. एकशे तीस —

तात्याराव वर आले. काही झालं न्हाई म्हणाले. माझ्या मागच्या खुर्चीत बसलेत. काट्यावर कुणी नाही. आकडा हलत नाही, एकशे —

काय लिहायलीस म्हणून विचारायलेत. वळून बघायची हिंमत होत नाही. खुर्ची मागं करकरतेय, पण त्यांचा आवाज खिडकीतून येतोय, खालून, खड्ड्या —