पल्लवीची बॅटरी

३ मे
आज लॅपटॉपची बॅटरी पुन्हा शून्यापर्यंत उतरवली, मग पूर्ण भरली. वहीत नोंद. बाबांची शिकवण: पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची, अधेमधे वायर लावायची नाही. शाळेआधी अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली, गावातले रेडिओ त्यांनीच दुरुस्त केले. भिंतीपलीकडे काकांची पल्लवी दिवसभर वायर लावूनच बसते. दोघींचे लॅपटॉप एकाच दिवशी चंद्रपूरहून आणलेले. तिचा आधी खराब होईल. (असं लिहू नये. लिहिलं.)

९ मे
पल्लवीने दोन्हींचा बॅटरी रिपोर्ट काढला. तिची ताकद ९४ टक्के उरलीय. माझी ५८.
"काय करून राह्यली ताई तू? रोज शून्यावर नेतं? हे काय जुने सेल हाय का?"
ती वायर लावते, पण चार्जिंग ऐंशीवर थांबेल असं सेटिंग करून ठेवलंय. एवढंच. आणि मी दोन वर्षं वही भरली.
बाबा म्हणाले, "पल्लवीकडून शिकून घे." मला! त्यांच्याच शिकवणीबद्दल मात्र...

१४ मे
भरतीच्या पेपरची तारीख आली, १९. वनोपजाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची जागा. एकच, अर्ज दोघींचा. पल्लवी साडेदहाच्या बॅचला, मी एकच्या. पेपर घरूनच, मोबाइलच्या नेटवर, नव्वद मिनिटं, कॅमेरा चालू, मध्ये मशीन बदलता येत नाही. दुपारी लाइट जातेच. माझी बॅटरी पन्नास मिनिटं टिकते.
"माहा घे न. माहा पेपर तं आधीच होते."
सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं कशाला सांगायचं?

१७ मे
पल्लवीकडे गेले. चार्जिंग अजून ऐंशीवरच अडकवलेलं. पेपरसाठी ते सेटिंग काढून शंभर भरायला हवं. तिच्या ध्यानात नाही. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिथेच बसलेले बाबा काकांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय बा तुही."
चहा पिऊन परत आले.

१८ मे
संध्याकाळी वादळ. मोहाची फांदी तारांवर पडली. लाइनमन उद्या दुपारनंतर येणार. पल्लवीची ऐंशीच. आता सांगून उपयोग नाही. काल होता.

१९ मे
बाराला पल्लवी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून आली.
"घे. पूर्ण वेळ स्क्रीन मंद ठेवली तुह्यासाठी, डोकं दुखून राह्यलं. चाळीस हाय. शंभर कराचं भुललीच मी."
"हो का," म्हटलं.
मीही स्क्रीन मंद केली. ब्याऐंशीव्या मिनिटाला पडदा काळा. सात प्रश्न राहिले. आधीची उत्तरं पोचली की नाही, कळायला मार्ग नाही.
पल्लवी बाबांना म्हणाली, "माहीच चूक झाली, मोठेबाबा. मीच शंभर नाई केली."
बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुही कायची चूक?"
मी तिथेच उभी.

२० मे
निकालाचं काही नाही. लाइट सकाळी आली. चपला घालून पल्लवीच्या दारापर्यंत गेले. ती खाली बसून लॅपटॉपची वायर लावत होती. माझ्याकडे पाहिलं.
"काऊन दारात उभी? ये न आत."
म्हटलं, "सतरा तारखेला मी..."
"काय?" म्हणाली, आणि बसायला चटई ओढली.